हिरव्या पेनड्राइव्हचं विरजण

आमच्याकडे विरजणाला कोणी नाही म्हणत नाही. संध्याकाळी वाटी घेऊन शेजारीण दारात आली की वाटीत चमचाभर दही पडतंच, मग सकाळी नळावर तिच्याशी कडाक्याचं भांडण झालेलं का असेना. ते दही मुळात कोणत्या घरचं, कोणत्या भांड्यातून आलं, हे कोणी विचारत नाही. विचारलं तर माणूस रुसतो. अकोल्यात फोटो स्टुडिओंची एक गल्ली होती, तिथे माझा हिरवा पेनड्राइव्ह असाच फिरायचा. एका दुकानातून दुसऱ्या दुकानात, खिशातून, चहाच्या ट्रेवरून, कधी नुसता हवेत फेकून.

मी आमच्या खानदानातली पहिली पदवीधर. हे मी मिरवून सांगते, कारण ते मिरवण्यासारखंच आहे. बाप तेल्हाऱ्याला जिनिंगमध्ये गठाणी बांधायचा, आई तिथेच कापसातला कचरा वेचायची. मी अमरावतीला हॉस्टेलात राहून कॉम्प्युटर शिकले. निकाल लागला तेव्हा बापाने जिनिंगमध्ये पेढे वाटले आणि सांगितलं, "आमची पोट्टी कंपूटरची डाक्टर झाली." मी त्याला दुरुस्त केलं नाही. मलाही तसंच वाटत होतं.

अकोल्याला एका छोट्या कंपनीत लागले. कंपनी म्हणजे कापडाच्या दुकानावरच्या दोन खोल्या, एक सर आणि मी. आम्ही स्टुडिओवाल्यांसाठी लग्नाचे अल्बम जुळवायचा प्रोग्रॅम करायचो. सर गिऱ्हाईक आणायचे, प्रोग्रॅम मी लिहायचे, आणि फोटोंभोवतीची नक्षीही मीच काढायचे. तोरणं, कलश, शहनाई. पानाच्या कोपऱ्यात बसणारा एक मोर मी काढला होता, पिसारा फुलवलेला. तो सगळ्या गल्लीला आवडला. त्या दोन-तीन वर्षांत आमच्या भागात लागलेल्या किती लग्नांच्या अल्बमात तो मोर बसलाय, देव जाणे.

अडचण होती ती नवीन आवृत्ती पोचवायची. भारनियमनाचे दिवस. लाइन असली तर इंटरनेट नाही, इंटरनेट असलं तर ते गोगलगायीसारखं. म्हणून मी एक छोटा अपडेटर लिहिला. पेनड्राइव्ह लावला की तो त्यावर 'नवीन' नावाचं फोल्डर शोधायचा. आतल्या फाइलचा आकडा आपल्यापेक्षा मोठा दिसला की जुना प्रोग्रॅम बंद करायचा, नवीन बसवायचा आणि सुरू करून द्यायचा. माणसाने काही करायचं नाही. सर म्हणाले, "वा! हे तं जादूच झाली." मी त्या दिवशी हवेत होते.

त्या जादूत एक गोष्ट नव्हती. ही फाइल खरंच माझीच आहे का, वाटेत तिच्यात कोणी काही घातलं तर नाही, हे अपडेटर विचारतच नव्हता. फोल्डरचं नाव पाहायचा, आकडा पाहायचा आणि दार उघडायचा. विचारायचं कसं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. शेवटच्या वर्षाला त्यावर धडा होता. पाठवणाऱ्याने आपल्या गुप्त किल्लीने फाइलवर सही करायची, घेणाऱ्याने उघडण्याआधी ती जुळवायची. आतलं एक अक्षर जरी बदललं तरी सही जुळत नाही. परीक्षेत मी हे आकृतीसकट लिहिलं होतं. पण गल्लीतली सगळी आपली माणसं. आपल्या माणसाच्या वाटीत कोण हुंगून पाहतं?

वर आणखी एक शहाणपण मी केलं. दुकानांतले अँटीव्हायरस माझ्या अपडेटरला अडवायचे. बरोबरच होतं त्यांचं. न विचारता येणं, जुनं काढून आपण बसणं, हेच तर व्हायरस करतात आणि तेच माझा प्रोग्रॅम करायचा. मी दुरुस्ती केली नाही, चिठ्ठी छापली: 'आधी अँटीव्हायरस बंद करा.' लोकांनी ती मॉनिटरच्या कडेला चिकटवली, हळदीकुंकू लावायचंच काय ते बाकी होतं. शिकलेल्या बाईने सांगितलेलं. काही जणांनी तो बंद केला तो कायमचाच.

गल्लीच्या टोकाला चाचांचा स्टुडिओ होता. उतारवयाचे, मेंदी लावलेली दाढी, गळ्यात चष्म्याची दोरी. कॅमेऱ्यात रीळ होतं तेव्हापासून त्या भागातली लग्नं, हिंदूंची काय आणि मुसलमानांची काय, त्यांनीच काढली. मला ते 'इंजिनियर' म्हणायचे आणि चिडवायचे.

"इंजिनियर, तुमचा मोर लय भाव खाते. नवरदेवापेक्षा मोठा दिसते."

"मग लहान करा की चाचा."

"कायले? नवरदेव तरी कोनता देखना असते!"

पण त्या वर्षांत चाचांकडे लग्नांपेक्षा दुसरं काम वाढलं होतं. आमच्या जिल्ह्यांची नावं रोज पेपरात यायची, कशासाठी ते सांगायला नको. खेड्यातून माणसं यायची आणि पिशवीतून काहीतरी काढायची. मतदान कार्ड, पोळ्याच्या दिवशीचा धूसर फोटो, शाळेतला ग्रुप फोटो. त्यातला एक चेहरा उचलून, मोठा करून, भिंतीवर लावायजोगा करून द्यायचा. चाचा या कामाला 'रफू' म्हणायचे. फाटक्या कॉलरच्या जागी कोट घालायचे, दाढी काढायचे, डोळे उघडायचे. माणूस कसा गेला, हे विचारायची त्या दुकानात पद्धत नव्हती. चाचा एवढंच विचारायचे, "रंग गोरा का सावळा?"

गल्लीतल्या सगळ्याच दुकानांत हे काम वाढलं, तेव्हा स्टुडिओवालेच मला म्हणाले, मॅडम, लग्नाच्या चौकटी पुष्कळ झाल्या, आता पुण्यस्मरणाच्या द्या. मी झेंडूच्या माळेची चौकट काढली, समईची काढली. नवीन आवृत्ती त्यासाठीच होती.

ती बाई मी चाचांच्या दुकानात पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी मागच्या खुर्चीवर चहा पीत होते. तेल्हाऱ्याकडच्या एका खेड्यातली, माझ्याच वयाची असेल. नवरा काळीपिवळी जीप चालवायचा, थोडं वावरही होतं. पोरगी रांगत होती तेव्हा तो गेला. आता वर्षश्राद्ध आलं होतं आणि पाटावर ठेवायला फोटो नव्हता. लग्नातला होता तो एका पावसाळ्यात ओलीने काचेला चिकटून गेला. लायसन सरकारी मदतीच्या प्रकरणाला लागलं, ते परत आलं नाही. झेरॉक्स होती, पण झेरॉक्समध्ये चेहरा म्हणजे शाईचा डाग.

पण चाचांना आठवलं. अकोल्यातल्या एका पोरीचं लग्न त्यांनी काढलं होतं, शेंदूरजनाघाटला दिलेली पोरगी. तिच्या पाठवणीला हाच जीप घेऊन आला होता. चाचांनी डिस्क उपसली आणि फोटो काढला. नवरी आईच्या गळ्यात पडून रडते आहे आणि मागे जीपचं दार धरून हा उभा, थोडा हसत, थोडा अवघडून. चाचांनी चेहरा मोठा केला होता, रफू सुरू झालं होतं.

"पाहा बाई, कसा साहेब दिसते."

ती पडद्याजवळ गेली. पडद्यावरच्या डोळ्यांवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "दोन्ही डोळे सारखे काहून केले जी? डावा बारीक होता त्यायचा. हसले का पुरा मिटे."

"बाई, लोकं मले म्हनतात, चाचा, बुढ्याले जवान करा. तुमी उलटंच सांगून राहिल्या."

"मले जवान नको. मले तेच पाहिजेत. पोरीनं तं काहीच नाही पाह्यलं त्यायचं."

चाचांनी डोळा जसा होता तसा केला. तो जसजसा बारीक होत गेला तसतसा पडद्यावर कोणीतरी खरा माणूस आला. ती हसली आणि लगेच पदर तोंडाशी नेला. "हां. आता आले." रंगीत छपाईचा कागद संपला होता. चाचा म्हणाले, पुढच्या आठवड्यात या, फ्रेम करूनच देतो.

मी खिशातून हिरवा पेनड्राइव्ह काढून चाचांच्या टेबलावर ठेवला. "झेंडूची चौकट आली आहे यात. लावून घ्या. हिच्या फोटोला चांगली दिसेल."

चाचा त्या दिवशी एका बारशाला गेले आणि पेनड्राइव्ह आपल्या वाटेने निघाला. शेजारच्याने नेला, त्याच्याकडून पुढच्याने. त्यातल्या कोणाच्या तरी भाच्याला कॉलेजचा फॉर्म भरायचा होता, म्हणून तो कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत जाऊन आला. तिथल्या कॉम्प्युटरला जो रोग होता तो माझ्या फाइलला चिकटला. फोल्डरचं नाव तेच, आकडा तोच. फिरत फिरत पेनड्राइव्ह परत चाचांकडे आला. चाचांनी चिठ्ठीवरची सूचना वाचली, अँटीव्हायरस बंद केला, पेनड्राइव्ह लावला. माझ्या अपडेटरने आकडा पाहिला आणि दार उघडलं.

चाचा सावध माणूस होते. फोटोंची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवायचे. तीच प्रत करायला म्हणून ती डिस्कही त्याच वेळी जोडलेली होती. दोन्हीकडचं गेलं.

मला बोलावणं आलं तेव्हा गल्लीतली चार-पाच दुकानं आडवी झाली होती. फाइलींची नावं सगळी जागेवर, उघडली की आत कचरा. चाचांच्या दुकानात मी दिवसभर बसले. जे जे अवजार माहीत होतं ते लावून पाहिलं. कुठे एखाद्या नवरीचा हात परत आला, कुठे मांडवाचा अर्धा खांब आणि खाली करडी पट्टी. पाठवणीचा फोटो आला नाही. त्यावरून केलेला चेहराही आला नाही. कॅमेऱ्यातलं कार्ड तर चाचांनी तेव्हाच पुसून पुढच्या लग्नाला वापरलेलं.

सर म्हणाले, "व्हायरस आला म्हन. आपल्या सॉफ्टवेअरचं नाव घेऊ नको." मी ऐकलं नाही. चाचांसमोर उभी राहिले आणि सांगितलं, "चाचा, हे माझ्यामुळे झालं. माझ्या प्रोग्रॅमने तपासायला पाहिजे होतं. त्याने तपासलं नाही, कारण मी ते लिहिलंच नाही."

चाचा हसले, पण थकल्यासारखे. "व्हायरस काय तुमी पाळला होता का? थो सायबरवाला हरामखोर हाये. त्याच्या दुकानात सारी दुनियेची घान."

"घाण त्याची असेल, चाचा, पण दार माझं उघडं होतं."

"बेटा, तुमी शिकलेल्या. तुमच्या हातून असं होत नसते. बसा, चाय घ्या."

शेजारचे दुकानवालेही आले होते. कोणी लाइटला शिव्या दिल्या, कोणी चिनी पेनड्राइव्हला. एक जण म्हणाला, मॅडम होत्या म्हणून एवढं तरी वाचलं. मला वाटत होतं, कोणीतरी एक तरी कचकचीत शिवी मला द्यावी. माझी डिग्री मध्ये उभी होती. तिच्या पलीकडे जाऊन माझी चूक कोणाला दिसेना, आणि ज्या शिक्षणाचा मला एवढा तोरा, त्याच शिक्षणाच्या आडोशाने मी सुटत होते.

फ्रेम न्यायला ती बाई आली तेव्हा चाचांनी माझ्याकडे बघितलंही नाही. "बाई, माझ्या हातून गेला फोटो. दुकान माझं, कंपूटर माझा, माफी करा." मी मध्ये बोलायला गेले, "ताई, चूक माझी—" तिने मला विचारलं, "मॅडम, तुमी करून देता का मंग परत?" रागावून नाही. तिला खरंच वाटत होतं की ज्याची चूक त्याला दुरुस्तीही येत असणार.

वर्षश्राद्धाला अजून थोडे दिवस होते. चाचा म्हणाले, छापील अल्बम एकच केला होता, तो नवरीच्या सासरी असेल, सीडीपण दिली होती. मी म्हटलं, मी जाते.

अकोल्याहून अमरावती, तिथून वरूड, तिथून शेंदूरजनाघाट. अमरावतीला गाडी बदलताना आमच्या कॉलेजच्या पोरी स्टँडवर दिसल्या, छातीशी पुस्तकं धरलेल्या. एरवी मी थांबून ओळख सांगितली असती. त्या दिवशी फलाटाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिले.

घर संत्र्यांच्या बागेला लागूनच होतं. अंगणात फळांचे ढीग, बाया पेट्या भरत होत्या. ती नवरी आता लेकुरवाळी झाली होती. तिची सासू चांगली तोंडाळ होती.

"सीडी? थे काय तिकडे," ती बागेकडे बोट दाखवून म्हणाली. "पाखरं लय त्रास देऊन राहिले होते. पिक्चर तं काही लागे ना तिच्यातून, म्हटलं टांगा झाडाले. तेवढीच कामाले आली."

झाडाच्या फांदीला सुतळीने बांधलेली सीडी वाऱ्यावर गरगर फिरत होती. मी जवळ जाऊन पाहिलं. उन्हाने तिचा वर्ख सोलून निघाला होता, आरपार आभाळ दिसत होतं. पाठवणीचा तो फोटो त्या आभाळात विरून गेलेला.

"अल्बम हाये ना पन," नवरी म्हणाली आणि आतून रेशमी कापडात गुंडाळलेला अल्बम घेऊन आली. मी पानं उलटत गेले. हळद, सप्तपदी, जेवणाच्या पंगती. शेवटी पाठवण. फोटो तोच. नवरी आईच्या गळ्यात, मागे जीप, जीपच्या दाराशी तो.

आणि त्याच्या अर्ध्या तोंडावर माझा मोर.

कोपऱ्यातला पिसारा बरोबर त्याच्या नाकापर्यंत आला होता. उजवा डोळा, उजवा गाल, अर्धी हसलेली जिवणी दिसत होती. डावी बाजू पिसांखाली. चाचांनी जुळवताना पाहिलं असेल, पण पाठवणीच्या फोटोत ड्रायव्हरचा चेहरा कोणाला पाहिजे असतो? मोर काढताना मीही पाहिलं नव्हतं की त्याच्याखाली कोणीतरी येईल.

"एवढं तोंड पाडायले काय झालं व बाई?" सासू म्हणाली. "कोन होता थो तुमचा?"

"कोणी नाही," मी म्हटलं. त्यांनी ते पान सोडवून दिलं आणि सोबत संत्र्यांची पिशवी बांधून दिली. नको म्हणाले असते तर रुसल्या असत्या.

परत आल्यावर मी अपडेटर नव्याने लिहिला. आता तो सही जुळवल्याशिवाय काही बसवत नाही. अँटीव्हायरसच्या चिठ्ठ्या मी स्वतः प्रत्येक मॉनिटरवरून खरवडून काढल्या. गल्लीवाले कुरकुरले, मॅडम, आता हे लय विचारते. विचारू द्या, मी म्हटलं. पण हे सगळं ज्याच्या आधी व्हायला पाहिजे होतं, ते होऊन गेलं होतं.

चाचांनी अर्धा चेहरा घेऊन काम सुरू केलं. उजवी बाजू उलटी करून डावीकडे बसवली. दोन्ही डोळे सारखे, दोन्ही गाल सारखे. सुंदर आणि मेलेला. मग अंदाजाने डावा डोळा बारीक केला. त्यांनाही पक्कं आठवत नव्हतं, मलाही नाही. माझ्या डोळ्यांसमोरून तो एकदाच गेला होता, चहाच्या कपावरून.

ती आली तेव्हा आम्ही तिला पडद्यासमोर बसवलं.

"एवढा नव्हता बारीक," ती म्हणाली. चाचांनी मोठा केला.

"आता जास्त झाला." परत कमी.

"भिवई वर होती थोडी. नाही... खाली होती." चाचांचा हात हलत राहिला. मी मागे उभी. दर वेळी पडद्यावर नवीन माणूस यायचा आणि ती त्याच्याकडे आधीपेक्षा जास्त वेळ पाहायची. सुरुवातीला ती झटकन सांगत होती, नाही, असा नाही. मग थांबून सांगायला लागली. मग नुसतीच बघायला लागली.

"आता, बाई?" चाचांनी विचारलं.

तिने डोळे मिटले, उघडले. "मले आता आठवतच नाही जी कसा होता. मघाशी आठवत होता. आता हेच दिसून राहिले सारे."

चाचांनी माउस सोडला. बाहेर कोणीतरी पासपोर्ट फोटोसाठी आवाज देत होतं, त्याला त्यांनी हातानेच थांबवलं. मला कळलं की आम्ही एक फोटो घालवून थांबलो नव्हतो. तिच्या डोक्यात जी एक प्रत उरली होती, तिच्यावरही आम्ही एकावर एक नवीन चेहरे बसवत गेलो होतो, न विचारता.

तिनेच शेवटी म्हटलं, द्या हाच. छापून झाला, फ्रेम झाली. झेंडूची चौकट मी लावू दिली नाही, नुसती काळी पट्टी. तिने फ्रेम दोन्ही हातांत धरली आणि माझ्याकडे वळली.

"मॅडम, तुमी शिकलेल्या. तुमी पाह्यला होता ना तो पयला फोटो? हाच हाये ना?"

चाचा चष्मा पुसत होते. मी तो चेहरा पाहिला. खरं काय ते मला माहीत नव्हतं, आणि नाही म्हटलं तर द्यायला माझ्याकडे दुसरा चेहरा नव्हता.

"हो ताई," मी म्हटलं. "हाच."

तिने पुन्हा पाहिलं नाही. फ्रेम उलटी करून छातीशी धरली आणि तेल्हाऱ्याची गाडी कितीला आहे ते विचारलं.